काळ्यापासून सुरुवात

व्हर्लीन टकेट बावीस वर्षं अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका लहान गावच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये दर रविवारी सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग घेत होती. आठवड्याचे पाच दिवस ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तिची शिकवण्याची पद्धत ठरलेली. चामड्याच्या दोरीत पाच मणी ओवायचे: काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरा म्हणजे धुतलेलं मन, हिरवा म्हणजे वाढ, सोनेरी म्हणजे स्वर्ग. प्रत्येक मुलानं दोन कडी करायची. एक आपल्या हातात, दुसरं शाळेतल्या एखाद्या दोस्ताला, पाचही मण्यांचा अर्थ सांगून.

"सुरुवात काळ्यापासून हं," ती बजावी. "काळा गाळला तर सोनेरी कशाला हवा, हे कसं कळेल?"

मार्चमधल्या एका बुधवारी शाळेच्या स्वयंपाकघरात जोनेलनं तसंच एक कडं तिच्यासमोर टाकलं. बारा वर्षं दोघी शेजारी उभ्या राहून रांधत होत्या. जोनेलचा नवरा हर्शेल जाऊन तीन आठवडे झाले होते. लग्न सोडलं तर तो कधी चर्चची पायरी चढला नव्हता.

"तुझ्या वर्गातल्या कॅलीनं आमच्या ब्रिनला दिलंय," जोनेल म्हणाली. "आणि सांगितलंय, तुझे आजोबा काळ्यातच राहिले, सोनेरीपर्यंत पोचलेच नाहीत. नात माझी दोन दिवस धड जेवली नाही, बाई."

"मी असं नाही गं शिकवलं."

"मग काय शिकवलंस? पोरीनं अर्थ बरोबर लावलाय. आणि तुझा होमर? तोही रविवारी हर्शेलबरोबर मासेच धरत बसायचा ना? तो कुठल्या मण्यात आहे, सांग की!"

व्हर्लीन घेवड्याच्या पातेल्यात डाव फिरवत राहिली. तिचा नवरा होमर जाऊन नऊ वर्षं झाली होती. काळ्या मण्याचा अर्थ सांगताना त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला, की ती चटकन लाल मण्याकडे वळायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी वर्गात कॅलीनं हात वर केला. "मिस व्हर्लीन, ब्रिन माझ्याशी बोलत नाही. मी नीट सांगितलं होतं. काळ्यापासूनच. माझं चुकलं का?"

सगळी मुलं व्हर्लीनकडे बघू लागली. चुकलं म्हणावं, तर या पोरीला पाठवलं कुणी? नाही म्हणावं, तर उद्या ती आणखी कुणाच्या तरी आजोबांविषयी बोलेल.

"चूक माझी आहे," व्हर्लीन म्हणाली. "येशूचं तुमच्यावर प्रेम आहे, एवढंच सांगायचं. कोण मेल्यावर कुठे गेलं, हे सांगायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही."

"पण ब्रिनचे आजोबा आहेत कुठे?"

"मला ठाऊक नाही."

"आणि मिस्टर होमर? आई म्हणते, तेही चर्चला यायचे नाहीत."

"तेही नाही, बाळा."

सरबताचे पेले घेऊन चर्चच्या पाळकांची बायको दारात उभी होती. "मुलं घरी जाऊन काय सांगतील, व्हर्लीन? बाईंनाच ठाऊक नाही म्हणून? उपासना झाल्यावर जरा भेट मला."

व्हर्लीन तिला भेटली नाही. कॅलीच्या आईला विचारून पोरीला गाडीत घातलं आणि जोनेलच्या दारात जाऊन उभी राहिली.

"प्रार्थना करायला आला असाल, तर आल्या पावली परत," जोनेल म्हणाली.

"माफी मागायला आलोय. दोघी."

आजीच्या मागून ब्रिननं डोकं काढलं. "मग आजोबा कुठे आहेत?"

"मला ठाऊक नाही," कॅली म्हणाली. "मिस व्हर्लीनलापण नाही."

"पण तू म्हणाली होतीस!"

"हो," म्हणून कॅली रडायलाच लागली.

जोनेलनं तिला हाताला धरून आत घेतलं. मग वळून म्हणाली, "तू जरा बाहेरच थांब, व्हर्लीन. तुला आत घ्यायला मला अजून वेळ लागेल."

व्हर्लीन ओसरीवर थांबली.