तुमचा रिले काढून टाकलेला नाही

मी तापट आहे हे आमच्या अख्ख्या बेंबळी गावाला ठाऊक आहे. पण एका वेबसाइटवर मी कितीतरी दिवस दातओठ खात होते, हे फक्त माझ्या सासूबाईंना ठाऊक आहे. त्यांना मी आत्या म्हणते, आणि भांडण त्यांच्याच वतीनं चाललं होतं.

नोकरीत नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा माझा जुना मी रिलेच्या कामाला लावला. काही लोकांना आपली ओळख न दाखवता इंटरनेट वापरायचं असतं. त्यांचे निरोप जगभरच्या हौशी लोकांच्या मशीनमधून हातोहात पुढं जातात. त्यातलं एक मशीन म्हणजे रिले. निरोप कुणाचा, त्यात काय आहे, हे रिलेवाल्याला कळत नाही. आत्यांना समजावताना मी एसटीतून पाठवलेल्या डब्याचं उदाहरण दिलं. कंडक्टर डबा उघडून बघत नाही, पुढच्या स्टँडवर देतो.

“म्हंजी कुणाचं हाय ते न इचारता पुढं द्यायचं,” आत्या म्हणाल्या. “चांगलंच हाय की. ठेव.”

मला वाटलं, विषय संपला. कुठलं काय! आत्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना हजेरी घ्यायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी रिलेच दत्तक घेतला. रिलेला एक टोपणनाव द्यावं लागतं, ते त्यांनीच दिलं. ते इथं सांगणार नाही, पण आमच्या गोठ्यातल्या म्हशीचं तेच आहे. रिलेंची स्थिती दाखवणारी एक वेबसाइट आहे. तिथं नाव टाकलं की चालू असेल तर हिरवा ठिपका येतो, बंद असेल तर लाल. रोज सकाळी चहाच्या आधी आत्या फोनवर तो ठिपका बघायच्या आणि “हजर हाय” असं घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायच्या. लाईट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही नाही, रिले चालायचा. सासऱ्यांच्या क्रिकेटचा असा बळी गेला, पण आत्यांपुढं बोलायची त्यांची काय बिशाद!

मग विहारामागची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली.

डीपी जळाली की ती येईल तेव्हाच येते. इन्व्हर्टरनं पहिल्याच संध्याकाळी मान टाकली. मी धाराशिवला मैत्रिणीकडं बसून नोकरी करू लागले. आत्या वरच्या आळीत बहिणीकडं फोन चार्ज करायच्या आणि तिथूनच वेबसाइट बघायच्या. लाल ठिपक्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पोरगं आजारी असतं, चार दिवस येत नाही, त्यात काय? पण आठवडा उलटला आणि एका सकाळी लाल ठिपकाही दिसेना. इंग्रजीत एक कोरडी ओळ होती. बहिणीच्या नातवानं वाचून सांगितली: काहीही सापडलं नाही.

मला फोन आला. आवाज बारीक झाला होता. “अगं, आपलं नाव पटावरनं काढलं त्येंनी.”

मी परोपरीनं सांगितलं की आठवड्यापेक्षा जास्त बंद असलेला रिले ती वेबसाइट दाखवतच नाही, चालू झाला की परत दिसेल.

“मग तसं लिहावं की! काढून न्हाय टाकलं, एवढं बोलाया काय जड जायलं हुतं त्येंना?”

नवी डीपी आली, लाईट आली, रिले सुरू झाला. काही तासांनी हिरवा ठिपकाही आला. मी धावत जाऊन फोन दाखवला. आत्यांनी “असंल” म्हटलं आणि सुपातली ज्वारी पाखडत राहिल्या. त्या दिवसापासून हजेरी बंद. “तुझं यंत्र हाय, तू बघ,” म्हणाल्या. काल-परवापर्यंत ते ‘आपलं’ होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

ती वेबसाइट चालवणारेही आमच्यासारखेच हौशी. मी त्यांच्या ऑनलाइन चर्चेत घुसले. न सापडलेल्या रिलेचं नीट काहीतरी सांगा, म्हटलं. एकानं कळवलं, जुनी नोंद आम्ही शोधातच ठेवत नाही, मग रिले कधी होता की नव्हताच हे सांगणार कसं? बरोबर होतं त्याचं. मी लांबलचक तिखट उत्तर लिहिलं, पुसलं, आणि आत्यांना विचारलं, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं? त्या घुश्शातच सुरू झाल्या: घाबरू नका, आधी फ्यूज बघा, वायरमनला फोन करा, तो उचलायचा न्हाय, परत करा... हसून हसून माझी पुरेवाट झाली. त्या भाषणातून मी तीनच वाक्यं काढली. रिले नवा असेल तर काही तासांनी दिसेल. आठवड्याहून जास्त बंद असेल तर सुरू झाल्यावर परत दिसेल. तुमचा रिले काढून टाकलेला नाही.

तिसऱ्या वाक्याची गरज नाही, असं दोघांचं म्हणणं पडलं. मी हटले नाही. माहितीसाठी पहिली दोन पुरेत, पण माणूस तिसऱ्यासाठी थांबतो, असं लिहिलं. शेवटी तिन्ही राहिली, आणि मराठी भाषांतरही मीच करून दिलं. मुद्दाम चुकीचं नाव टाकून मी आत्यांना ते दाखवलं. चष्मा लावून त्यांनी एकेक शब्द वाचला.

“हे तर म्या बोललेलं हाय.”

“व्हय, तुमचंच.”

त्या इतक्या जोरात हसल्या की सासरे अंगणातून बघायला आले. पण दुसऱ्या दिवशीही हजेरी झाली नाही.

काही दिवसांनी चर्चेत कुणीतरी लिहिलं. नाव नाही, गाव नाही. त्यांच्याकडं वादळानं बरेच दिवस वीज नव्हती. रिले दिसेना म्हणून मशीन खोक्यात भरायला काढलं होतं. मग ते वाक्य वाचलं आणि वायर तशीच ठेवली. मी मराठीत सांगत होते. ऐकता ऐकता आत्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“त्याला लिही, आमचंबी असंच झालं हुतं.”

मी लिहायला बसले. खाली कुणाचं नाव घालू, असं विचारलं.

“नाव कशाला? आपलंबी दिसत नव्हतं, आता चालायलंय, एवढं लिही,” आत्या म्हणाल्या. “त्याला कळतंय.”