देवाच्या गुरांबदली मातीचे बैल

दिवाळीच्या सुटीत नाशिकला बहिणीकडे जायचं ठरलं होतं आणि गेलो सातपुड्यात. याला जबाबदार आमचा शेजारी शंकर कुंभार. लोणखेड्यात त्याची नि माझी घरं भिंतीला भिंत लावून. पेंढ्यात मातीचे बैल गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मास्तर, येतस का मन्हासंगे? वर डोंगरमा देवले बैल देवाना शेतस." शाळामास्तराला डोंगर दाखवायला एरवी कोण नेतंय! बहिणीला पत्र टाकलं आणि वहाणा चढवल्या.

पायथ्यापर्यंत बैलगाडी जाते. भाडं आधी ठरवा, आणि गाडीत गोणपाट अंथरा, नाहीतर हाडं खिळखिळी होतात. माझी झाली. वाटेत भाकरी-ठेचा खाताना शंकरने सगळी हकिकत सांगितली. दुष्काळात वरच्या गावाने चाऱ्याअभावी गुरांचे दोर सोडले आणि ती देवाच्या नावाने रानात हाकलली. देवाला दिलेल्या जनावराला पुन्हा दोर लावायचा नाही, हा तिथला नेम. पुढे पाऊस बरा झाला, गुरं वाढली, रानातच जन्मलेली वासरं माणूस दिसला की शिंगं रोखू लागली. मोहाची रोपं, छपराचं गवत, काही उरेना. पावसाळ्यात बांबूचा कोंब वर आला की खाऊन फस्त.

हा बांबूच खरा जिव्हाळ्याचा. होळीला हे गाव झाडाहून उंच बांबू उभा करतं. दोन वर्षं तो दुसऱ्या गावाकडून मागून आणावा लागला होता. शेवटी त्यांनी देवाला कौल लावला आणि अदलाबदल ठरली. एका जित्या जनावरामागे एक मातीचा बैल आधी देवापुढे ठेवायचा, मगच दोर टाकायचा. म्हणून शंकरने बैल अगदी मोजून आणले होते.

पायथ्याला गावची माणसं कावडी घेऊन उभीच होती. चढ सोपा नाही; पोट सुटलेल्यांनी काठी न्यावी. अर्ध्या वाटेवर ओढा लागला. पाणी कसलं, नुसती राड. त्या मोकाट गुरांनी काठ तुडवून टाकला होता. तिथेच एका कावडीवाल्याचा पाय घसरला आणि एक बैल खडकावर फुटला. शंकर तुकडे गोळा करत म्हणाला, "आते एक ढोर देवनंच ऱ्हाई."

गावचा कारभारी रूपसिंग. म्हातारा, काटक, आमच्याशी बाजारातली अहिराणी बोलणारा. मक्याची गरम भाकरी आणि उडदाची डाळ त्याने स्वतः वाढली. इतकी चव मला कुठल्या पंगतीत मिळालेली नाही. मग तो बांबूच्या बेटाकडे घेऊन गेला. बेटात सगळे जुने, वाकलेले बांबू. बुडाशी नुसती खुडलेली खुंटं. "पोरंच नहीत आठे," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. काटेरी कुंपणाचं मोठं आवार आधीच तयार होतं. आत दगडांवर मीठ पसरलेलं आणि मधे गावातली एक माणसाळलेली गाय बांधलेली. आम्ही झाडांवर चढलो. मला खालून ढकलावं लागलं, हे सांगायला हरकत नाही. मिठाच्या ओढीने कळप हळूहळू आत आला आणि फाटक पडलं. काय धडका, काय हंबरडे! गुरं दमल्यावर देवाच्या झाडाखाली मातीचे बैल ओळीने मांडले. एक कमी पडला तो पडलाच.

तरुण मंडळी म्हणाली, सगळीच ठेवू, कुंभार नंतर आणून देईल. शंकरही कबूल होता. रूपसिंगने मान हलवली. "देवले उधारी नको." मग त्याने एका म्हाताऱ्या गायीकडे बोट केलं. तिच्या मानेवर दोराचा जुना वण होता. "मन्ह्या हाते सोडेल शे ही. बाकीना रानमाच जन्मनात. हिले देवनीच ऱ्हाऊ द्या."

तिच्यापुरतं फाटक उघडलं. ती बाहेर आली, थोडं चालली आणि थांबली. रूपसिंग पाठ फिरवून घराकडे निघाला, तर ती त्याच्या मागे चालू लागली. दोर नाही, हाक नाही. अंगणात येऊन खाली बसली. म्हातारा दारात उभा राहून रडला, आणि माझेही डोळे भरून आले. नेम मोडला नव्हता.

परत येऊन वर्ष होत आलं. धरलेली गुरं घरोघर वाटली. काही नांगराला लागली, काही अजून लाथा झाडतात. भादव्यात रूपसिंग बाजाराला आला तेव्हा सांगत होता, ओढ्याचं पाणी निवळलंय आणि बेटातले नवे कोंब माणसाच्या डोक्यावर गेलेत. पण येती होळी मागून आणलेल्या बांबूचीच, कारण कोवळा बांबू तोडत नाहीत. आणखी दोन-तीन पावसाळे थांबायचं. हे तो हसत सांगत होता.

तो गेल्यावर मी बहिणीच्या आग्रहावरून नाशिककडच्या बदलीसाठी केलेला अर्ज मागे घेतला. बहीण रागावली आहे. पण तो बांबू उभा राहील त्या दिवशी मला तिथे असायचं आहे.