काकूच्या विरोधातली सही

माझी काकू शिवणकाम करते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. या दोन्ही गोष्टी ती लग्नाआधीपासून करते, असं काका म्हणायचे. काका गेल्यावर तिने जिन्याखालच्या खोलीत दुकान थाटलं. एक मशीन, एक उभा आरसा आणि एकच नियम. कपडा तिच्यासमोर घालून बघायचा आणि तरीही नंतर कुठे काचला तर खुशाल परत आणायचा. ती तोंड वाकडं न करता उसवून देते. "अंगावर तू घालणार. काचतंय की नाही ते मी कसं सांगू?" एवढंच म्हणते.

तोच नियम तिने आमच्या प्रभागाच्या सदस्याला लावला. निवडून आल्यापासून हा गृहस्थ आमच्याकडे फिरकला नव्हता. आमच्या पालिकेत सदस्याला परत बोलावण्याची सोय आहे. पुरेशा मतदारांनी सह्या केल्या की त्याला ठेवायचं की घालवायचं यावर मतदान होतं. ही सोय वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. काकूने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात माप घेण्याआधी पेन ठेवलं. सदस्य घरी गेला आणि त्याच्या जागी लोकांनी काकूलाच निवडून दिलं.

खुर्ची मिळाली की माणसं जपून वागायला लागतात. काकूने आल्या आल्या शाळेची गल्ली गाड्यांना बंद केली. तिथे एक टेम्पो शाळकरी मुलीच्या पायावरून गेला होता. पाय वाचला, पण चाल बिघडली ती बिघडलीच. त्या मुलीचा गणवेश काकूच शिवते. स्कर्ट एका बाजूने किंचित लांब ठेवावा लागतो, नाहीतर तो तिरका दिसतो. गल्लीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी अडथळे बसले आणि पोरं मोकळी चालायला लागली.

आता अडचण अशी की त्याच गल्लीत माझ्या बाबांचं गॅरेज आहे. गाडीच आत येणार नसेल तर दुरुस्त काय करणार? बाबा आधी कुरकुरले, मग चिडले, मग भांडले. दुकानदारही भडकले होते. त्यांनी काकूला परत बोलावण्याचा अर्ज काढला आणि बाबांनी त्यावर सही ठोकली. सख्ख्या वहिनीच्या विरोधात!

घरात महाभारत झालं. आईने बाबांशी बोलणं टाकलं. एकाच टेबलाशी बसून ती मला सांगायची, "तुझ्या वडिलांना विचार, भात हवाय का." वडील समोरच बसलेले. मीही तिच्याच बाजूने होते आणि त्यांचा डबा मुद्दाम गरम करत नव्हते. काकूला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटत होतं, आपण तिच्यासाठी लढतोय.

शेवटी बाबा वाकले. छाननीच्या दिवशी सही मागे घेता येते, म्हणून ते पालिकेत गेले. मागोमाग मी आणि आई, विजयी चेहऱ्याने. काकू सदस्य म्हणून आधीच हजर होती. कारकुनाने कागद पुढे ओढला.

"कारण?"

"चुकून झाली," बाबा पुटपुटले.

"चुकून?" काकू म्हणाली. "भाऊजी, झोपेत होतात का?"

कारकून तिच्याकडे झुकला. "बाई, जरा समजून घ्या. यांची सही गेली तर अर्ज अपुरा पडतो. फेटाळला जाईल. तुमची खुर्ची राहते."

"ते कळतंय हो मला. भाऊजी, खरं सांगा. गल्ली बंद केली ते तुम्हाला पटलं का आता?"

"अजिबात नाही."

"मग सही का मागे घेताय?"

बाबांनी आईकडे पाहिलं. "ही बोलत नाही माझ्याशी. डबासुद्धा गार मिळतो."

कारकून हसला. काकू हसली नाही. तिने आमच्याकडे अशी नजर टाकली की माझी मान खाली गेली. "लिहून घ्या," ती कारकुनाला म्हणाली, "घरच्यांच्या दबावामुळे सही मागे घेतायत. माझी हरकत आहे."

"तुमच्याच विरोधातल्या सहीसाठी?"

"हो. मी याच सह्यांवर एकाला घरी पाठवलंय. माझी पाळी आली की घरातल्या बायकांनी धाकदपटशा करून मला वाचवायचं? मग तो काय वाईट होता?"

कारकुनाने बाबांना पुन्हा विचारलं. बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, "राहू द्या सही."

मतदान झालं. काकू घरोघर गेली, त्या मुलीबद्दल बोलली, भांडली, आणि पडली. लोकांना वळसा घालून जायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. लोक चुकले. हे मी आजही तोंडावर सांगेन. असल्या मतदानाने भित्रे सदस्य तयार होतात, सगळ्यांना खूश ठेवणारे, असं मी त्या संध्याकाळी काकूला ओरडून सांगितलं. "तुझ्याच हत्याराने तुला मारलं. टाक आता ते!"

ती एका बाहीचे टाके उसवत होती. "चुकले असतील," ती म्हणाली. "मग जाऊन सांगते ना. कुठे पळून गेलेत का ते?"

नवा सदस्य आला तसे अडथळे निघाले. पहिला टेम्पो हॉर्न वाजवत गल्लीत घुसला तेव्हा मी गॅरेजमध्ये बाबांना चहा द्यायला गेले होते. पोरं भिंतीला चिकटली. बाबांनी ते पाहिलं आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं. तेवढ्यात काकू आली, हातात कोरा कागद.

"भाऊजी, गल्लीवर सार्वमत मागतेय. या वेळी माझ्यावर नाही, फक्त गल्लीवर. उघडी की बंद, लोक सांगतील. पहिली सही तुमची हवी."

"वहिनी, मी 'उघडी'लाच मत देणार."

"द्या की. मत कुठे मागतेय मी? लोकांना विचारायचं, एवढ्यापुरती सही द्या."

बाबांनी हात पुसले. मग बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

"पुन्हा पडाल," ते म्हणाले.

"पडेन नाहीतर उठेन. पेन द्या इकडे, अख्खी गल्ली बाकी आहे."