झुकलेली भिंत

माझा मोठा भाऊ आर्किटेक्ट. मी बुलढाण्यात भरतनाट्यम शिकवते. मी शिकत होते तेव्हा तो मला लोणारच्या देवळात न्यायचा आणि दगडातल्या नर्तकीकडे बोट दाखवायचा. "हात राहू दे, तिचे पाय पाह्य. वजन कुठून उतरून राह्यलं, ते समज. देऊळ बी असंच उभं रायते." अरमंडीत गुडघे बाहेर काढून बसताना मला आजही हेच आठवतं.

गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं लवकर परत आलं. पण खाटेवर बसवलं की तो डावीकडे कलायचा, आणि सरळ करायला गेलं की अंगातला सगळा जोर लावून अडून बसायचा.

"मले पाडू नको," तो म्हणायचा. "मी सरळच बसलो. भिंत झुकली हाय."

डॉक्टरांनी सांगितलं, उभं काय आणि तिरपं काय, हेच त्याच्या मेंदूला कळेनासं झालंय. वहिनी ऐकून उठून आत गेली.

मी त्याच्याच सामानातला ओळंबा, भिंत सरळ आहे का ते तपासायचा वजन बांधलेला दोरा, दाराच्या चौकटीला टांगला. तो बराच वेळ त्या दोऱ्याकडे पाहत राहिला.

"दोरा सरळ दिसते," तो म्हणाला, "पण आंगाले पटत नाई. आता मी कोणाचं घर कसं बांधू?"



मग रोज सकाळी क्लासच्या आधी मी त्याला आरशासमोर उभं करू लागले. मुलींना सांगते तेच त्यालाही सांगायचे: तळवा पसरू दे, टाच जड कर. त्याच्या उजवीकडे उभी राहून म्हणायचे, "दादा, माझ्याकडे रेल." भीतीनं तो माझा खांदा इतका आवळायचा की वळ उठायचे.

उन्हाळ्यापर्यंत तो काठी घेऊन चालू लागला. नकाशे मात्र सुटले. देऊळघाटला त्यानं सुरू केलेलं घर दुसऱ्यानं पूर्ण केलं. ते पाहायला तो गेला नाही.

परवा मी एकटी अडवूच्या पावलांचा सराव करत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

"तू उजवीकडे झुकून राह्यली."

मी आरशात पाहिलं. मी सरळ होते. तरी जरा डावीकडे कलले.

"आता?"

"हाव, आता बरोबर."

तशीच तिरपी राहून मी तो अडवू संपवला. गुडघ्यात कळ आली. तो मान डोलावत होता.