कुलपांच्या दिवसातली विहीर

वाशीमहून मानोऱ्याकडे जाताना, मानोऱ्याच्या जरा अलीकडे एक फाटा लागतो. तिथून आत, मुरमाड माळावर एक तांडा आहे. नाव नको. मी ज्या संस्थेत काम करतो तिचंही नको. आमचं काम एवढंच, की जिथं वीज टिकत नाही आणि पाणी लांब, तिथं विहिरीवर सोलरचा पंप बसवायचा, वर टाकी, खाली गाळणी आणि नळ. हे मी इतकी वर्षं करतोय की नव्या गावात पाय ठेवला की आधी थकवा येतो, मग गाव दिसतं.

या तांड्यातली माणसं ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, नवराबायको आणि हाताशी आलेली पोरं जातात ती उन्हं तापल्यावर परततात. मागं म्हातारी माणसं उरतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी वाशीम जिल्ह्यातच वाढलो, असे ट्रक लहानपणापासून बघितलेत.

विहिरीची परीक्षा उन्हाळ्यात घ्यायची, हा आमचा साधा नियम. पावसाळ्यानंतर कुठलीही विहीर चांगलीच दिसते. म्हणून मी मुद्दाम मार्चअखेरीस गेलो. इंजिन लावून दिवसभर उपसा केला, दुसऱ्या दिवशी बघितलं तर पाणी जिथल्या तिथं चढलेलं. मी खूश झालो. दुपारी सावली शोधत तांड्यातून फिरलो तेव्हा दिसलं, बहुतेक घरांना कुलूप. अंगणं सारवलेली नव्हती. एका दारात म्हातारी शेंगा सोलत होती. तिला विचारलं, घरं किती आहेत तुमच्याकडे.

"घरं लय हायेत बाबू," ती म्हणाली. "माणसं इचार."

तिथंच उभ्या उभ्या मला कळलं. विहीर भरलेली होती कारण प्यायला कुणी नव्हतं. चार महिने तिच्यात चार म्हाताऱ्या माणसांच्या बादल्या पडत होत्या. सगळा तांडा घरी असता तर तिनं होळीच्या आतच तळ दाखवला असता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, या तांड्याला नाही म्हटलं तर इथं काहीच होणार नाही. निदान थोडं तरी होऊ दे. तेव्हा हे मला खरंच पटलं होतं. आणि मला घरीही जायचं होतं. दोन्ही खरं आहे.

पावसाआधी पंप बसला. बाया नळावर हसत-बोलत भांडी लावायच्या, सोलरच्या प्लेटांखाली सावलीला शेळ्या बसायच्या. ढग आले की बाया मला चिडवायच्या, "भाऊ, सूर्य आज रजेवर गेला का? अर्ज तुमच्याकडंच देते ना तो?"

त्यांच्यात एक बाई होती, टाकीचा वॉल तिच्या ताब्यात. बोलायला तिखट, हिशोबाला पक्की. तिची मुलगी तेव्हा नववीत. दिवाळीच्या आधी नाईकाच्या ओट्यावर बैठक झाली. नाईक म्हणजे तांड्याचा म्हातारा प्रमुख. मी तिथं सांगितलं, आता पाणी दारात आहे, दोन शेळ्या वाढवा, मानोऱ्याला मजुरी बघा, पोरांच्या शाळा तोडू नका. तेव्हा तिनं विचारलं, "उनाळाभर पुरते का, भाऊ?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यातच मोजलंय ना."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. वर्ष उलटलं, मी त्यात खोट शोधतोय.

ती आणि तिचा नवरा थांबले. मुकादमाला नाही म्हणाले. त्यांचं बघून आणखी बरीच घरं थांबली. होळी झाली आणि नळ खोकायला लागला. विहिरीत पाणी नसलं की आमचा पंप आपोआप बंद पडतो, जळू नये म्हणून. वर लखलखीत ऊन आणि पंप गप्प. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. कुणी म्हणालं प्लेटा डुप्लिकेट आहेत. पंप बसवणाऱ्या मेकॅनिकला फोनवर शिव्या बसल्या. मी तेही होऊ दिलं.

त्या उन्हात ती मुलीला घेऊन नाल्यापलीकडच्या एका शेतातून पाणी आणायची. मुलीची शाळा तशीच सुटत गेली, शेवटी नववीचा एक पेपरही बुडाला. मी भेटायला गेलो तर बाई भांडण करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "साहेब, चहा घेता?" त्याआधी तिनं मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

यंदा मुलगी दहावीत. दिवाळीच्या तोंडावर मुकादम येऊन गेला आणि ओट्यावर पुन्हा बैठक बसली. मी न बोलावता गेलो. त्या बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "यंदा तरी सांगा. पुरते का?"

मी सांगितलं. कुलपांचं, म्हातारीचं, मेकॅनिकची चूक नव्हती हेही. सगळे थांबलात तर होळीपर्यंत, अर्धे गेलात तर मेपर्यंत. एवढं बोललो, कुणी पाणी पुढं केलं नाही. ते बरंच झालं.

थोडा वेळ ते आपसात गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत बोलले. मग एक तरणा गडी वऱ्हाडीत म्हणाला, माझ्याकडं न बघता, "म्हणजे साहेबाच्या पंपाले माणूसच मोजता येत नाई."

"मंग साहेबालेच न्या ना ऊस तोडाले," मागून एक बाई म्हणाली. "तेवढंच एक तोंड कमी."

हसले सगळे. मीही हसलो असेन.

नाईक हसला नाही. "हे मागच्याच साली सांगतलं असतं, तर आमी वाटून घेतलं असतं," म्हणाला. "पाणी कमी हाय हे काय आमाले नवं हाय?"

मग त्यांनी वाटून घेतलं. अर्ध्या तासात. पाळी लावली: गेल्या साली जे राहिले ते यंदा जातील, जे गेले होते ते राहतील. कुणाला त्यात खोट काढता येईना. मला आधी बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की गेल्या साली ती राहिली होती. माझ्या शब्दावर.

नाईकही तिच्याकडे बघत थांबला. "तुह्या पोरीचं दहावीचं साल हाय," म्हणाला. "तू सांग."

मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं मानोऱ्याला वसतिगृह बघतो, ओळख आहे.

"नका बघू," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यावर एकडाव राह्यली मी." मग नाईकाला म्हणाली, "पाळी म्हणजे पाळी. पोट्टी नणंदेपाशी राहीन."

ट्रक गेला त्या दिवशी मी गेलो नाही. जायला हवं होतं की नाही, ठाऊक नाही.

नंतर एका दुपारी गाळणी धुवायच्या निमित्तानं गेलो. ऊन चांगलं होतं, टाकी भरून वाहायच्या बेतात. मुलगी नळावर कळशी लावून उभी होती. अभ्यास कसा चाललाय विचारलं. "चालून राह्यला, काका." मग आपणहून म्हणाली, "मायचा फोन येते. मले रोज इचारते, पाणी किती खाली गेलं."

"मग काय सांगतेस?"

"हाय तेवढं सांगते. इहीर अर्धी हाय म्हटलं काल."

"ती काय म्हणाली?"

"फडात कोन जेवाले बोलावत होतं, ठेवला तिनं."

कळशी भरली. तिनं नळ घट्ट बंद केला, एक थेंब लोंबत होता म्हणून पुन्हा पिळला, आणि कळशी कमरेवर घेऊन आत्याच्या घराकडे गेली. मी गाळणी उघडली.

मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. विहीर तोवर पुरेल. या वेळी मी पुन्हा मोजलंय, तांड्यात कोण कोण आहे ते बघून मोजलंय. तिची आई त्यात नाही.