उजवी कडा

"कडा बघा, कडा!" छापून आलेलं पान डोळ्यांसमोर आडवं धरून भाऊ म्हणायचे. मजकूर काय आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ बसला, की त्यांच्या लेखी साहित्यसेवा संपली.

जळगावच्या आमच्या छापखान्यात भाऊ कॉम्प्युटरवर पानं लावायचे आणि मी शेजारच्या टेबलावर प्रुफं तपासायची. असा माणूस तुमच्याही कचेरीत एखादा असेलच. नसेल तर सुखी आहात. कडा सरळ यावी म्हणून ओळ इतकी ताणायचे, की दोन शब्दांमधून रिक्षा जावी. मी कुरकुरले, की म्हणायचे, "ताई, वाचणारा वाचतो बरोबर. तुम्ही कडा बघा." धन्य!

एकदा धुळ्याकडचे एक आबा अहिराणी कवितांचं पुस्तक करायला आले. आयुष्यातलं पहिलं आणि, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, शेवटचं. कविता सगळ्या तोंडपाठ, कागदावर एकही नाही. सुनेनं ऐकून टाइप केलेली तेवढी एक फाइल. रविवारी धुळ्यात प्रकाशन. आमंत्रणं गेलेली.

भाऊंनी फाइल उघडली आणि हळहळले. "उजवीकडे केवढी जागा वाया!" मग मोठ्या मनानं त्यांनी सगळे एंटर काढले, ओळी एकमेकींना जोडल्या, कडा सरळ केली आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. शेताबांधावरच्या कवितांचं झकास सरकारी परिपत्रक झालं.

आबांनी पान हातात घेतलं. "हाई काय शे? बठ्ठं एकच करी टाकं रे भाऊ!" सगळं एकच झालं होतं खरं. मला आधी हसू आलं, मग आबा पानावर बोट फिरवत आपली ओळ कुठं संपते ते शोधताना दिसले आणि हसू पळालं. भाऊंचा तर चेहराच उतरला.

"आबा, तुम्ही म्हणा," ते म्हणाले. "तुम्ही थांबाल तिथं ओळ तोडतो."

मग दिवसभर आबा म्हणत होते आणि भाऊ एंटर दाबत होते. उजवी कडा करवतीसारखी दातेरी होत गेली. भाऊंनी एकदाही तक्रार केली नाही. मलाच काळजी वाटायला लागली.

बायको गेल्यावरची कविता आली. एका ओळीच्या मध्येच आबांचा आवाज गेला. भाऊंनी एंटर दाबला.

"भाऊ, ओळ इथं संपत नाही," मी हळूच म्हटलं.

"आबा थांबले ना, ताई?" ते स्क्रीनवरून नजर काढेनात.

आबा डोळे पुसत म्हणाले, "राहू दे रे भाऊ, तठेच राहू दे."

पुस्तक रविवारी वेळेवर पोचलं. भाऊ गेले त्यालाही आता बराच काळ झाला. त्यांच्या खुर्चीवरची नवी ऑपरेटर हुशार आहे, शब्द ताणत नाही, माझं ऐकतेसुद्धा. मला करमत नाही, ही गोष्ट वेगळी.

परवा आबांच्या सुनेनं दुसऱ्या आवृत्तीचं काम आणलं. पानं बघता बघता ऑपरेटर म्हणाली, "ताई, इथं ओळ चुकून तुटलीय. जोडू?"

"हात लावू नकोस!" मी केवढ्यांदा ओरडले. पोरगी दचकलीच. मलाही वाईट वाटलं. जवळ जाऊन तिला म्हटलं, "तिथं आबा रडले होते गं. आणि आमचे भाऊही."