लहान कॅसेट

देगलूरच्या बसस्टँडमागं एका काकांचं दुकान आहे. लग्नाच्या जुन्या कॅसेटी ते पेनड्राइव्हवर उतरवून देतात. बोलताना वर बघत नाहीत. बनियनच्या चिंधीला स्पिरिट लावून व्हीसीआरचं हेड पुसत राहतात.

माझ्या लग्नाची कॅसेट घेऊन गेलो, तेव्हा फळीवर एक वेगळ्याच मापाची, लहान कॅसेट दिसली.

"काका, ही कसली?"

"बीटाची. हिची मशीनच येगळी, पण चित्र लई साफ यायचं. म्हणून म्या तीच मशीन घेतली, अन् आपलं लग्नबी हिच्यावरच काढलं."

"मग ती बाजारात का चालली नाही?"

"चित्र कोण बघतंय? गावभर मोठी कॅसेट. शेजाऱ्याची आपल्याकडं लागावी, आपली त्याच्याकडं, एवढंच लोकायला पायजे होतं. माझी कुणाकडंच लागंना."

ती मशीन जळून कैक वर्षं झाली. तशी दुसरी त्यांनी नांदेड, लातूर, पार हैदराबादपर्यंत शोधली. काकू गेल्यावर पुन्हा एकदा शोधली.

माझी कॅसेट उतरवून झाली, तशी त्यांनी ती रिवाइंडला लावली. भाड्याच्या कॅसेटी पूर्वी अशाच परत करायच्या असत.

"राहू द्या काका. आता ही कोण लावणार?"

"कुणीच न्हाई. पण लावलीच कुणी, तर सुरुवातीपासून दिसावी."

मशीन घरघरत राहिली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडं नाही, फळीकडं.